जाब, पोच आणि परतमूल्य : सर्व्हरप्रणीत संगणक-व्यवहारातील उत्तराचा इतिहास

१

पत्र लिहिल्याची मिती आणि पत्र पावल्याची मिती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव जुन्या मराठी पत्रव्यवहारात पदोपदी दिसते. मिरजेस अध्यापन करीत असता वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या रूपाने पटवर्धन घराण्याची पत्रे प्रकाशात आणली, आणि साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी 'इतिहाससंग्रह' मासिकातून असेच साहित्य अभ्यासकांपुढे ठेवले. पेशवेकालीन पत्रांचे वाचन करणाऱ्यास 'पौ' हा संक्षेप वारंवार भेटतो. पत्र हाती आल्याची ती नोंद होय. तिला 'पोच' म्हणावे. पत्रात विचारलेल्या गोष्टीचे उत्तर मात्र 'जाब' होय. सवाल आणि जाब मिळून 'जाबसाल' हा सामासिक शब्द मराठीत रूढ झाला. पोच मिळाली म्हणजे जाब मिळाला असे होत नाही, आणि जाब मिळाला तरी तो खरा आहे असेही ठरत नाही. लांबच्या मुक्कामावरून कारभार चालविणाऱ्यास हे तिन्ही भेद सांभाळावे लागत.

हेच तीन भेद आजच्या संगणक-व्यवहारात एका तांत्रिक प्रश्नाच्या रूपाने पुन्हा उभे राहिले आहेत. अनेक अनुप्रयोगांचे सर्व निर्णय दूरच्या सर्व्हरवर होतात, आणि माणसापुढील ब्राउझर केवळ सर्व्हरने सांगितलेले चित्र दाखवितो. अशा रचनेस येथे 'सर्व्हरप्रणीत' म्हटले आहे. पण पडद्याची रुंदी किती, यंत्र कोणत्या ठिकाणी आहे, माणसाने कोणता मजकूर निवडला आहे, अशा काही गोष्टी फक्त ब्राउझरलाच ठाऊक असतात. त्या जाणून घेण्यासाठी सर्व्हर ब्राउझरकडे जावास्क्रिप्ट भाषेतील एक छोटा आदेश पाठवितो व त्याच्या उत्तराची अपेक्षा करतो. या उत्तरास 'परतमूल्य' ही संज्ञा प्रस्तुत लेखात वापरली आहे. हे परतमूल्य मिळविणे वरवर सोपे दिसते. वस्तुतः ते साध्य होण्यास बराच काळ जावा लागला. त्या काळाचा मागोवा घेणे आणि सातारा-सांगली परिसरातील व्यवहारांशी त्याचा संबंध तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२

'परत' या शब्दाचा संगणकशास्त्रातील पहिला अर्थ स्थळवाचक होता. केंब्रिज येथील एडसॅक हे यंत्र १९४९ साली चालू झाले. त्यावर काम करताना डेव्हिड व्हीलर यांनी उपक्रम वापरण्याची एक युक्ती बसविली. मुख्य कार्यक्रम उपक्रमाकडे जाताना आपला पत्ता बरोबर देई. उपक्रम त्या पत्त्यावरून आपल्या शेवटची आज्ञा तयार करी आणि काम संपताच यंत्राचे लक्ष मूळ जागी परत जाई. येथे परत येते ते लक्ष. वस्तू परत येतेच असे नाही. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही 'परतणे' या अकर्मक क्रियेची अवस्था होय.

१९५८ सालच्या फोर्ट्रान-२ या भाषेत दोन प्रकारचे उपक्रम वेगळे झाले. एका प्रकाराला काम सांगावयाचे, तर दुसऱ्याला मूल्य विचारावयाचे. पहिला आज्ञार्थी वाक्यासारखा, दुसरा प्रश्नार्थक वाक्यासारखा. प्रश्नार्थक उपक्रम मूल्य 'परत करतो'. म्हणजे क्रिया आता सकर्मक झाली. एकाच यंत्राच्या पोटात प्रश्न आणि उत्तर असल्यामुळे तेथे पोच आणि जाब यांत अंतर पडत नसे. विचारणारा थांबे, उत्तर येई, पुढचे काम सुरू होई.

अंतर पडले ते प्रश्न एका यंत्रावर आणि उत्तर दुसऱ्या यंत्रावर गेले तेव्हा. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन-केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली दूरस्थ उपक्रमांविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा प्रश्न नेमकेपणाने मांडला. उत्तर आले तर काम एकदाच झाले असे त्यांची पद्धत निश्चितपणे सांगे. परंतु उत्तराऐवजी बिघाडाची सूचना आली, तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल, यापेक्षा अधिक काही सांगता येत नसे. मौनाचा अर्थ 'नाही' असा करता येत नाही, हे तत्त्व तेव्हापासून या शास्त्रात स्थिर झाले. जासूद परत आला नाही, एवढ्यावरून पत्र पोचलेच नाही असे कोणताही अनुभवी कारभारी मानीत नसे.

३

टिम बर्नर्स-ली यांनी विश्वव्यापी जाळ्याची जी रचना १९९० च्या सुमारास केली, तिच्यात बोलण्याची दिशा एकच होती. ब्राउझरने मागावयाचे आणि सर्व्हरने द्यावयाचे. सर्व्हरला स्वतःहून काही विचारण्याची मुभा नव्हती. १९९३ च्या सुमारास भरावयाचे अर्ज आणि त्यांवर प्रक्रिया करणारे सर्व्हरवरील कार्यक्रम प्रचारात आले. तेव्हा ब्राउझरकडून माहिती येऊ लागली, पण तीही माणसाने बटण दाबल्यावरच.

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी सुमारे दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती भाषा 'जावास्क्रिप्ट' या नावाने जाहीर झाली. आता ब्राउझरमध्येही विचार करण्याची शक्ती आली. परंतु तेथे काढलेले उत्तर सर्व्हरपर्यंत न्यावयाचे कसे? त्या काळातील उपाय असा की, अर्जात एक न दिसणारा रकाना ठेवावयाचा, जावास्क्रिप्टने त्यात मूल्य लिहावयाचे आणि संपूर्ण अर्ज पुन्हा पाठवावयाचा. सर्व्हरला उत्तर मिळे, पण ते पुढील फेरीत. आणि तोवर आपण कोणता प्रश्न विचारला होता याचे स्मरण सर्व्हरला स्वतंत्रपणे ठेवावे लागे.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या पाचव्या ब्राउझरमधून, पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय आली. टपाल वाचण्याच्या एका अनुप्रयोगाच्या गरजेतून ती निघाली होती. २००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीस 'एजॅक्स' हे नाव दिले. तथापि बोलण्याची सुरुवात अद्याप ब्राउझरच करी. दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलता यावे अशी 'वेबसॉकेट' ही व्यवस्था २०११ च्या डिसेंबरात प्रमाणित झाली, आणि सर्व्हरने ब्राउझरला प्रश्न विचारण्याचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

४

या इतिहासाचा एक अध्याय वारणेच्या खोऱ्यात घडला आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा व शिराळा हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता; त्या वर्षी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या भागाच्या दक्षिण कडेने वाहणारी वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. नदीच्या दोन्ही तीरांवरील ऊस वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याकडे जातो. हा कारखाना तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिला.

१९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी तेथे संगणक-जाळ्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावच्या केंद्रांवर संगणक बसले आणि ते कारखान्याच्या मुख्य संगणकाशी जोडले गेले. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनाची पावती, खतांची उचल आणि बिलाची रक्कम यांविषयीची विचारपूस शेतकऱ्यास आपल्याच गावात करता यावी, असा हेतू होता. येथे विचारणारा शेतकरी आणि सांगणारा कारखाना. म्हणजे दिशा जाळ्याच्या मूळ रचनेसारखीच होती.

मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन-संस्थेतील राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास करून पुढे एक प्रयोग केला. त्यावरील निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. सात गावांत आठ महिने चाललेल्या या प्रयोगात गावातील संगणकाची जागा मोबाइल फोनने व एसएमएसने घेतली. शेतकऱ्याचा प्रश्न संदेशाच्या रूपाने कारखान्यातील संगणकास जोडलेल्या फोनवर जाई, आणि उत्तर संदेशानेच परत येई. संगणकावर होणारी सर्व कामे या पद्धतीने झाली. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची व पसंत पडली, असा निष्कर्ष निबंधात नोंदविला आहे.

या प्रयोगाचे महत्त्व दुहेरी आहे. महाग यंत्राने जे काम होई, ते स्वस्त साधनाने झाले, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. तात्त्विक अर्थ असा की, ग्रामीण शेतकऱ्याची गरज मोठ्या चित्रमय पडद्याची नव्हती. नेमक्या प्रश्नास नेमके परतमूल्य मिळणे ही त्याची गरज होती. तोडलेल्या उसाचे वजन किती भरले, या प्रश्नाचे उत्तर एका संख्येत मावते.

५

याच सुमारास सर्व्हरप्रणीत अनुप्रयोग बांधण्याच्या चौकटी प्रगत होत होत्या. फिनलंडमधील वाडिन आणि मायक्रोसॉफ्टची ब्लेझर सर्व्हर ही त्यांची ठळक उदाहरणे. या चौकटींत कार्यक्रमकार सर्व्हरच्याच भाषेत लिहितो आणि ब्राउझरशी होणारे बोलणे चौकट सांभाळते. वाडिनच्या २०१३ सालच्या सातव्या आवृत्तीत सर्व्हरने ब्राउझरला आज्ञा देता येई, पण तिचे उत्तर थेट मिळत नसे. उत्तर हवे असल्यास सर्व्हरवर एक नावाचा उपक्रम आधीच नोंदवून ठेवावा लागे आणि ब्राउझरमधील जावास्क्रिप्टने त्या नावाने उलट हाक मारावी लागे. २०१९ साली वाडिनच्या चौदाव्या आवृत्तीत आणि त्याच वर्षी आलेल्या ब्लेझर सर्व्हरमध्ये मात्र विचारलेल्या आज्ञेचे परतमूल्य पुढे येणारी वस्तू म्हणून हाती देण्याची पद्धत आली.

'पुढे येणारी' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. एका यंत्रावरील सवयीने कार्यक्रमकारास वाटते की, प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत तेथेच थांबावे. सर्व्हरप्रणीत चौकटीत असे थांबणे बहुधा घातक ठरते. याचे कारण साधे आहे. सर्व्हर जेव्हा ब्राउझरच्या एखाद्या मागणीवर काम करीत असतो, तेव्हा त्याने काढलेल्या आज्ञा लगेच रवाना होत नाहीत. चालू काम संपल्यावर त्या एकत्र पाठविल्या जातात. शिवाय काम चालू असेतो त्या माणसाच्या सत्रावर कुलूप असते. अशा वेळी सर्व्हर उत्तराची वाट पाहत थांबला, तर काम संपत नाही. काम संपत नाही म्हणून आज्ञा जात नाही. आज्ञा जात नाही म्हणून उत्तर येत नाही. पत्र स्वतःच्या हातात धरून जासुदास दारात उभे करावे आणि त्याच्याकडे त्याच पत्राचा जाब मागावा, तसा हा प्रकार होय.

यावरील उपाय म्हणजे उत्तराऐवजी उत्तराचे अभिवचन स्वीकारणे. ही कल्पना जुनी आहे. डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी १९७६ साली 'अभिवचन' या अर्थाचा शब्द प्रथम योजिला; १९८८ साली बार्बरा लिस्कोव्ह व ल्यूबा श्रीरा यांनी तिचा दूरस्थ उपक्रमांशी मेळ घातला; आणि २०१५ सालच्या प्रमाणित आवृत्तीत ती जावास्क्रिप्टचा अधिकृत भाग झाली. अभिवचन तीन अवस्थांत असू शकते : प्रलंबित, पूर्ण झालेले किंवा मोडलेले. सर्व्हर ते अभिवचन घेऊन, उत्तर आल्यावर काय करावयाचे आणि न आल्यास काय करावयाचे, एवढे लिहून ठेवतो व आपले चालू काम संपवितो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा वर्तमानकाळाकडून भविष्यकाळाकडे झालेला बदल होय : 'सांग आणि मी थांबतो' याच्या जागी 'तू सांगशील तेव्हा मी असे करीन' हे वाक्य आले. त्यास मुदतीची जोड असते. ब्लेझर सर्व्हरमध्ये ही मुदत, वेगळे न सांगितल्यास, एका मिनिटाची आहे.

६

उत्तर आले, तरी ते कोणत्या रूपात आले हा प्रश्न उरतो. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये अशी मूल्ये बहुधा मजकुराच्या रूपाने प्रवास करतात. तेव्हा मूल्य मजकुरात उतरवावे लागते. जावास्क्रिप्टचा नेहमीचा संख्याप्रकार ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ याहून मोठे पूर्णांक खात्रीने नेमके धरू शकत नाही. त्यामुळे लांबलचक खातेक्रमांक संख्या म्हणून पाठविल्यास शेवटचे अंक बदलण्याचा संभव असतो, आणि आरंभीची शून्ये तर जातातच. असे क्रमांक अक्षररूपानेच ठेवणे इष्ट होय.

मराठी मजकुराच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. 'सातारा' आणि 'सांगली' ही दोन्ही नावे वाचकाच्या दृष्टीने तीन-तीन अक्षरांची आहेत. युनिकोड संकेतात स्वर-चिन्हे व अनुस्वार स्वतंत्र मोजले जात असल्यामुळे दोन्ही नावांची लांबी जावास्क्रिप्ट सहा सांगते. तोच मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठविणारा सर्व्हर, बाइट मोजत असल्यास, अठरा म्हणतो. एकाच शब्दाची तीन, सहा आणि अठरा अशी तीन उत्तरे येतात, आणि तिन्ही आपापल्या मोजमापात बरोबर असतात. नावाच्या रकान्याची मर्यादा एका बाजूने सहाच्या हिशोबाने आणि दुसऱ्या बाजूने अठराच्या हिशोबाने ठरविली, तर नाव मध्येच तुटते.

याहून विकट उदाहरण 'कऱ्हाड' या नावाचे आहे. त्यातील चंद्रकोरीसारखा र तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो : त्यासाठीच्या स्वतंत्र एका संकेताने, साधा र आणि नुक्ता अशा जोडीने, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह यांनी. पडद्यावर तिन्हींचे रूप सामान्यतः सारखेच दिसते. यंत्रास मात्र ते तीन भिन्न शब्द वाटतात. पहिल्याची लांबी सहा, उरलेल्या दोहोंची सात. २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये असे मजकूर प्रमाण रूपात आणण्याची सोय आहे, आणि तिने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा प्रकार मात्र तिने सुटत नाही. त्यासाठी मराठीचे वेगळे नियम लिहावे लागतात. ब्राउझरने परत केलेले गावाचे नाव सर्व्हरच्या यादीत सापडत नाही, तेव्हा चूक शेतकऱ्याची नसते आणि बहुधा यंत्राचीही नसते. लेखनाचे प्रमाणीकरण अपुरे असते.

७

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचा उपक्रम राज्यभर सुरू झाला. सातबारा उताऱ्यातील गाव नमुना ७ हा अधिकाराचा आणि नमुना १२ हा पिकांचा. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत. २०२४ साली या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव देण्यात आले. नव्या उपक्रमात शेतकरी स्वतः आपल्या मोबाइलवरून पीक नोंदवितो, शेतात उभा राहून त्याचे छायाचित्र घेतो, आणि स्थळाची खूण त्याबरोबर जाते. वारणेच्या प्रयोगातील दिशा येथे उलटली आहे. विचारणारे शासनाचे सर्व्हर आणि उत्तर देणारे शेतकऱ्याच्या हातातील यंत्र. पीक कर्ज, विमा व नुकसानभरपाई यांसाठी पिकाच्या नोंदीचा आधार घेतला जात असल्यामुळे या परतमूल्यास प्रत्यक्ष पैशाचे मोल आहे.

ब्राउझरकडे स्थळ विचारण्याची जी प्रमाणित पद्धत आहे, तिची रचना या संदर्भात बोधप्रद ठरते. ती थेट मूल्य परत करीत नाही. यश आल्यास काय करावे आणि अपयश आल्यास काय करावे असे दोन उपक्रम तिच्या स्वाधीन करावे लागतात. अपयशाचे तीन प्रकार तिने वेगळे ठेवले आहेत : माणसाने परवानगी नाकारली, ठिकाण कळू शकले नाही, किंवा मुदत संपली. कोयनेच्या खोऱ्यातील पाटण तालुक्यात किंवा चांदोलीच्या बाजूस शिराळ्याच्या डोंगराळ भागात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे तीन प्रकार सारखे नाहीत. पहिल्यात त्याची इच्छा आहे. उरलेल्या दोहोंत त्याचा दोष नाही. या तिहींची एकाच 'नोंद झाली नाही' या वाक्यात गल्लत करणारी व्यवस्था शेतकऱ्यावर अन्याय करते.

तसेच, यंत्राने 'पाठविले' असे म्हटले म्हणजे सर्व्हरने नोंदविले असे होत नाही. संकेत तुटल्यामुळे उत्तर आले नाही, म्हणून शेतकरी तीच नोंद पुन्हा पाठवितो. पहिली नोंद पोचली असेल तर आता दोन नोंदी होतात. बिरेल व नेल्सन यांनी दाखविलेली अनिश्चितता ती हीच. प्रत्येक पाठवणीस एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास नवी नोंद न करता पहिलाच जाब परत द्यावा, हा त्यावरील रूढ व निर्दोष उपाय आहे.

अखेरचा मुद्दा विश्वासाचा. ब्राउझर किंवा मोबाइल हे यंत्र माणसाच्या ताब्यात असते. त्यावर चालणारी जावास्क्रिप्ट तो बदलू शकतो, स्थळाची खूण खोटी देऊ शकतो. म्हणून तेथून आलेले परतमूल्य ही साक्ष होय, पुरावा नव्हे. साक्ष नोंदवून घ्यावी, पण तिच्या आधारे निर्णय करण्यापूर्वी ती अन्य माहितीशी पडताळावी, हे सर्व्हरचे कर्तव्य आहे. शेतकऱ्याने केलेल्या काही नोंदींची महसूल अधिकाऱ्याने पडताळणी करावयाची, ही पीक पाहणीतील तरतूद याच तत्त्वावर उभी आहे. तसेच चुकून दिलेली साक्ष दुरुस्त करण्यास साक्षीदारास मुदत असणे न्याय्य ठरते.

सारांश, १९४९ पासूनच्या या इतिहासात परतमूल्याचे स्वरूप क्रमाने बदलत गेले आहे : प्रथम केवळ परतण्याची जागा, मग मूल्य, मग मूल्याचे अभिवचन, आणि शेवटी पडताळावयाची साक्ष. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीस १९४७ पासून आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय कऱ्हाडास १९६० पासून विद्यार्थी घडवीत आहे. त्यांतून बाहेर पडणाऱ्या कार्यक्रमकारांनी या भागासाठी अनुप्रयोग लिहिताना पोच, जाब आणि पुरावा यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत, एवढीच या विवेचनाची व्यावहारिक फलश्रुती होय. ज्या शेतकऱ्याची नोंद त्या रकान्यांवर अवलंबून आहे, त्यास आपले म्हणणे पोचले की नाही, त्याचे उत्तर काय आले आणि ते मान्य झाले की नाही, हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याचा हक्क आहे.